जुन्या गाडीच्या रेडिओवर मोबाइलमधली गाणी

स्टिरिओ जुना आहे म्हणून लगेच नवा बसवायला धावू नका. आधी त्यावर ३.५ मिलिमीटरचं गोल भोक, म्हणजे ऑक्स, आहे का बघा. असेल तर एका वायरीत काम होतं आणि आवाजही स्वच्छ येतो. फोन गाडीतच चार्जिंगला असताना इंजिनाबरोबर चढणारी बारीक ‘कुंईं’ ऐकू आली, तर चार्जर काढून बघा.

ऑक्सही नाही, यूएसबीही नाही? मग सिगारेट लायटरच्या सॉकेटात बसणारा ब्लूटूथ एफएम ट्रान्समीटर घ्या. फोनवरचं गाणं तो एफएमवर सोडतो, रेडिओ ते पकडतो. खरी मेख फ्रिक्वेन्सीत आहे. ८७.५ ते १०८ मेगाहर्ट्झमध्ये जिथे नुसती खरखर आहे, तोच आकडा दोन्हीकडे लावा. पण जळगावात रिकामी असलेली जागा धुळ्यात रिकामी असेलच असं नाही. एरंडोल, पारोळा मागे पडलं की माझ्या गाण्यात मध्येच कोणी तरी बातम्या वाचायला लागतं! म्हणून दोन-तीन जागा निघण्याआधीच हेरून रेडिओच्या बटणांवर ठेवतो. फोनचा आवाज जवळजवळ पूर्ण ठेवा आणि कमी-जास्त गाडीच्या बटणावर करा, नाहीतर गाण्यापेक्षा खरखरच मोठी.

यूएसबी असेल तर पेनड्राइव्ह ३२ जीबीपर्यंतचा, फॅट३२ फॉरमॅटचा (फाइली साठवायची जुनी पद्धत) आणि गाणी एमपी३ मध्ये. अहिराणी गाण्यांच्या फाइलींना देवनागरी नावं दिली, तर जुन्या स्क्रीनवर नुसते चौकोन दिसतात.