नृत्यप्रयोगासाठी संगीत रचणाऱ्या रॉक बँडची तयारी

आधुनिक नृत्यासाठी संगीत करण्याचे काम बँडने स्वीकारले की सर्वात आधी नृत्यदिग्दर्शकाला विचारावे, की नृत्य संगीतावर बसवायचे आहे की दोन्ही स्वतंत्रपणे घडणार आहेत. १९७२ मध्ये फ्रान्समधील मार्सेल येथे फ्रेंच नृत्यदिग्दर्शक रोलां पेती यांच्या बॅलेसाठी पिंक फ्लॉइड या ब्रिटिश रॉक बँडने रंगमंचावर वादन केले, तेव्हा पावले संगीतावर बांधलेली असल्यामुळे मात्रा मोजूनच वाजवणे भाग होते. अमेरिकी नृत्यदिग्दर्शक मर्स कनिंगहॅम आणि संगीतकार जॉन केज यांची वाट नेमकी उलट होती: नृत्य आणि संगीत वेगवेगळे तयार होत, दोन्हींमध्ये समान असे ती फक्त वेळ, आणि नर्तकांना संगीत पुष्कळदा पहिल्या प्रयोगातच ऐकायला मिळे. तिहाई समेवर येते तेव्हा कथकमधले पाऊल आणि तबल्याची थाप एकत्र पडताना पाहत आलेल्या आपल्या कानांना ही गोष्ट सहज पटत नाही, म्हणून पहिल्याच बैठकीत तिच्यावर मोकळेपणाने बोलून घ्यावे. पुढील सूचना या दुसऱ्या वाटेसाठी आहेत.

नमुना म्हणून कनिंगहॅम यांच्या 'स्प्लिट साइड्स' या नृत्यरचनेचा अभ्यास करावा. १४ ऑक्टोबर २००३ रोजी न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन अकॅडमी ऑफ म्युझिकमध्ये झालेल्या तिच्या पहिल्या प्रयोगात इंग्लंडचा रेडिओहेड आणि आइसलंडचा सिगुर रोस या दोन बँडांनी प्रत्यक्ष वादन केले. प्रत्येकाच्या वाट्याला सुमारे २० मिनिटे होती. नृत्य, संगीत, नेपथ्य, वेशभूषा आणि प्रकाशयोजना या पाचही अंगांचे दोन-दोन भाग तयार होते, त्यांतला कोणता आधी यायचा हे फासे टाकून ठरवले जाई, आणि त्यामुळे ३२ वेगवेगळ्या जुळण्या शक्य होत्या. आपली रचना आरंभी येईल की उत्तरार्धात, आणि कोणत्या हालचालींच्या सोबतीने वाजेल, हे आधी कळणार नसेल, तर ती हळूहळू चढत जाऊन शेवटी कळस गाठणारी नसावी. तिचा प्रत्येक भाग आपापल्या बळावर उभा राहायला हवा. मला हीच या कामातली सर्वात अवघड आणि सर्वात आनंदाची मागणी वाटते, कारण मुखडा, अंतरा आणि एकल गिटारवादन या सवयीच्या आधारांशिवाय २० मिनिटे भरून काढताना बँडला नाद, शांतता आणि पोत यांचा नव्याने विचार करावा लागतो.

वाद्ये निवडताना नेहमीच्या संचापुरते थांबू नये. सिगुर रोसने या कामात संगीतपेट्या (किल्ली दिल्यावर आपोआप धून वाजवणाऱ्या छोट्या पेट्या) वापरल्या आणि बॅलेच्या बुटांपासून तालवाद्य बनवून घेतले. नर्तकाच्या पायातली वस्तू अशी नादाकडे वळवण्यात नृत्याबद्दलचा आदर आहे, पावलांचे अनुकरण मात्र नाही. गाण्याचे शब्द शक्यतो टाळावेत, कारण अर्थ असलेली ओळ ऐकताच प्रेक्षक हालचालींत तिचे चित्र शोधू लागतो.

तालमीत प्रत्येकासमोर स्टॉपवॉच असावे आणि ठेक्याऐवजी मिनिट-सेकंदांच्या खुणांवर एकत्र येण्याचा सराव करावा. नर्तक शांततेत तालीम करतात, त्यांची कालगणना अंगात मुरलेली असते, म्हणून ठरलेली मुदत बँडने सेकंदापर्यंत पाळावी. नर्तकांकडे पाहून वाजवण्याचा मोह होतो. तो आवरता येत नसेल तर वादकांची जागा रंगमंच दिसणार नाही अशी निवडावी. आवाजाची पातळी ध्वनितंत्रज्ञासोबत भरलेल्या आणि रिकाम्या अशा दोन्ही सभागृहांचा विचार करून ठरवावी, आणि लाकडी जमिनीतून जाणारी खर्जाची कंपने नर्तकांना त्रासदायक होत नाहीत ना, हे त्यांनाच विचारावे.

दौऱ्यावर बँड सोबत नसेल तेव्हा ध्वनिमुद्रण वापरायचे का, आणि ते बँडला स्वतंत्रपणे प्रकाशित करता येईल का, हे लेखी ठरवावे. सिगुर रोसचे संगीत २००४ मध्ये वेगळे प्रकाशित झाले होते. प्रयोगाच्या दिवशी फासे पडण्यापूर्वीच सर्व वाद्ये सुरात लावून ठेवावीत, कारण पाळी पहिली आली तर त्यानंतर सवड मिळणार नाही.