मिठाची कणी घातलेली कॅरमल कॉफी

घरी केलेली कॅरमल कॉफी फसते ती बहुधा कॉफीमुळेच. नेहमीच्या प्रमाणात केलेल्या दुधाळ कॉफीत कॅरमल आणि क्रीम पडले की कॉफीचा मागमूस उरत नाही आणि पेल्यात राहते ते गरम, गोड, तपकिरी रंगाचे दूध. जेवणानंतरच्या गोड पदार्थाची जागा घेऊ शकेल असे पेय करायचे असेल, तर गोडाच्या जोडीला कडू, खारट आणि स्निग्ध या तिन्ही चवींना पुरेशी जागा द्यावी लागते. म्हणून पुढील कृतीत कॉफी नेहमीपेक्षा बरीच कडक आहे, साखर चांगली गडद होईपर्यंत शिजवली आहे आणि वरच्या क्रीममध्ये साखर अजिबात घातलेली नाही. प्रमाण दोन पेल्यांचे आहे. कॅरमल मात्र एकदाच जास्त करून ठेवावे, कारण थोडी साखर पातेल्यात पसरून पटकन करपते आणि दोन चमचे कॅरमलसाठी तेवढा खटाटोप करण्यात अर्थ नाही.

कॅरमलसाठी 200 ग्रॅम साखर, 50 मिलिलिटर पाणी, 120 मिलिलिटर क्रीम, 60 ग्रॅम बिनमिठाचे लोणी आणि अर्धा लहान चमचा मीठ घ्यावे. जाड बुडाचे, आतून फिकट रंगाचे आणि साखरेच्या मानाने फारच मोठे वाटेल असे पातेले निवडावे. आतून काळ्या असलेल्या भांड्यात साखरेचा रंग कळत नाही, आणि या कृतीत रंगावरच सगळे अवलंबून आहे. पातेले मोठे का हवे, हे क्रीम घालताना कळते. मी पहिल्यांदा हे कॅरमल केले तेव्हा लहानशा पातेल्यात फ्रिजमधून काढलेले थंडगार क्रीम एकदम ओतले. अर्धे कॅरमल उतू जाऊन शेगडीवर गेले आणि उरलेल्या अर्ध्याचा दगड झाला.

साखर आणि पाणी एकत्र करून मध्यम आचेवर ठेवावे. साखर विरघळेपर्यंत हलक्या हाताने ढवळायला हरकत नाही. एकदा पाक उकळू लागला की मात्र चमचा बाजूला ठेवावा. पातेल्याच्या कडेला उडालेले थेंब सुकून त्यांचे खडे होतात आणि ढवळताना त्यांतला एखादा जरी पाकात पडला, तरी त्याच्याभोवती सगळी साखर पुन्हा दाणेदार होऊ शकते. कडेचे थेंब ओल्या ब्रशने पुसून घ्यावेत. लिंबाच्या रसाचे चार थेंब सुरुवातीलाच घातले तर आणखी बरे, कारण आम्लामुळे साखरेचा काही भाग ग्लुकोज आणि फ्रुक्टोज यांत मोडतो आणि अशा मिश्रणाचे खडे सहजी होत नाहीत. इतके करूनही पाक दाणेदार झालाच, तर तो फेकू नये. थोडे पाणी घालून साखर पुन्हा विरघळवावी आणि नव्याने सुरुवात करावी.

पाण्याची वाफ होत जाते तसतसे बुडबुडे मोठे आणि संथ होतात, आणि सुमारे 160 अंश सेल्सिअसच्या पुढे पाकाला कडेने पिवळसर छटा येऊ लागते. येथून पुढे पातेल्याजवळून हलू नये. रंग सगळीकडे सारखा यावा म्हणून पातेले हातात धरून अधूनमधून गोल फिरवावे. पिवळ्याचा मधासारखा रंग होतो, मधासारख्याचा लालसर, आणि जुन्या तांब्याच्या भांड्यासारखी छटा आली की साधारण 175 अंशांच्या आसपास आपण पोहोचलेलो असतो. मधाच्या रंगावर थांबण्याचा मोह बहुतेकांना होतो, कारण तेथवर सगळे सुरक्षित वाटते. पण कॉफीसाठी असे फिकट कॅरमल कुचकामी ठरते. साखर जसजशी शिजते तसतशी ती मोडून तिच्यापासून कडसर आणि खमंग वासाचे अनेक घटक तयार होतात, म्हणजेच गडद कॅरमल हे फिकट कॅरमलपेक्षा कमी गोड आणि अधिक चवदार असते. कडक कॉफीपुढे टिकाव लागतो तो गडद कॅरमलचाच. मात्र पाकातून काळपट धूर निघू लागला आणि वास नाकाला झोंबू लागला, तर ती साखर जळालेली आहे आणि तिला वाचवण्याचा कोणताही उपाय नाही. आच बंद केल्यावरही पातेल्यातील उष्णतेने साखर शिजतच राहते, हे ध्यानात ठेवून हव्या त्या रंगाच्या किंचित आधीच आच बंद करावी.

आता क्रीम. ते आधीच कोमट करून जवळ ठेवलेले असावे. पाकाचे तापमान पाण्याच्या उत्कलनबिंदूच्या कितीतरी वर असल्यामुळे क्रीममधील पाण्याची तत्काळ वाफ होते आणि सगळे मिश्रण फसफसून तिप्पट वर येते. क्रीम थंड असेल तर पाक एकदम थिजून त्याचे गोळेही होतात. म्हणून लांब दांड्याच्या चमच्याने ढवळत, तोंड आणि मनगट वाफेपासून दूर ठेवून, क्रीम तीन-चार वेळा थोडे थोडे करून घालावे. तापलेली साखर कातडीला चिकटून राहते आणि उकळत्या पाण्यापेक्षा खोल भाजते, तेव्हा मुलांना या वेळी स्वयंपाकघरात येऊ देऊ नये. फसफस ओसरली की लोणी घालून ते पूर्ण विरघळेपर्यंत ढवळावे आणि शेवटी मीठ घालावे. मीठ येथे केवळ खारटपणासाठी घातलेले नाही; मिठातील सोडियममुळे जिभेला कडूपणा कमी जाणवतो आणि त्यामागे दडलेला गोडवा पुढे येतो. व्हॅनिला आवडत असेल तर तो मिश्रण थोडे निवल्यावरच घालावा, एरवी त्याचा सुगंध वाफेबरोबर निघून जातो.

हे कॅरमल साधारण पंधरा पेल्यांना पुरते. स्वच्छ, कोरड्या काचेच्या बरणीत भरून फ्रिजमध्ये ठेवल्यास ते दोन आठवडे चांगले राहते. थंडीने ते घट्ट होते, म्हणून वापरण्यापूर्वी लागेल तेवढे वाटीत काढून, ती वाटी कोमट पाण्यात थोडा वेळ ठेवावी.

कॉफी कोणत्या साधनाने करावी, याबाबत फार सोवळे पाळण्याचे कारण नाही. ती दाट झाली म्हणजे पुरे. इटलीत 1933 मध्ये आलेला मोका पॉट, म्हणजे शेगडीवर ठेवून वाफेच्या दाबाने कॉफी वर चढवणारे भांडे, या कामाला मला सर्वांत सोयीचा वाटतो. तीन कपांच्या मोका पॉटमध्ये सुमारे 15 ग्रॅम कॉफीपूड बसते आणि त्यातून दोन पेल्यांना पुरेल इतकी, म्हणजे 120 मिलिलिटरच्या आसपास, कडक कॉफी मिळते. पूड चाळणीत चेपून भरू नये आणि कॉफी वर येताना खुरखुर आवाज सुरू झाला की लगेच भांडे उतरवावे, कारण त्यानंतर येणारी वाफ फक्त करपट कडूपणा घेऊन येते. फ्रेंच प्रेस, म्हणजे जाळीच्या दट्ट्याने पूड तळाशी दाबण्याचे भांडे, असेल तर 30 ग्रॅम जाडसर पुडीवर 200 मिलिलिटर गरम पाणी घालून चार मिनिटांनी दाबावे. पूड बरेच पाणी शोषून घेते, त्यामुळे हाती येणारी कॉफी 140 मिलिलिटरच्या आसपास भरते. यातले काहीच नसेल तर प्रत्येक पेल्याला दोन सपाट लहान चमचे इन्स्टंट कॉफी 60 मिलिलिटर गरम पाण्यात विरघळवावी. तिच्या चवीत बारकावे नसतात, पण एवढ्या कॅरमलखाली आणि क्रीमखाली ते शोधायला कोणी जात नाही. भाजणीचे म्हणाल तर मध्यम ते गडद भाजलेल्या बिया घ्याव्यात. हलक्या भाजलेल्या कॉफीतील फळासारखा आंबटपणा एरवी मोठा लोभस असतो. दुधात आणि कॅरमलमध्ये मात्र तो बेसूर लागतो.

दूध सायीसकट, प्रत्येक पेल्याला 150 मिलिलिटर. ते 60 ते 65 अंशांपर्यंत, म्हणजे बोट क्षणभरच टिकेल इतके, तापवावे. उकळू देऊ नये, कारण 70 अंशांच्या पुढे दुधाला शिजल्याचा वास लागतो आणि फेसही नीट धरत नाही. फेस काढण्याचे खास यंत्र नसले तरी अडत नाही. थंड दूध झाकणाच्या बरणीत तिच्या एक तृतीयांशापर्यंत भरून मिनिटभर जोरात हलवावे आणि मग पातेल्यात ओतून मंद आचेवर तापवावे. गरम दूध बंद बरणीत हलवण्याचा सल्ला काही जण देतात, पण वाफेच्या दाबाने झाकण उडून हात भाजण्याची भीती असल्यामुळे मी तो देणार नाही.

वरच्या थरासाठी 100 मिलिलिटर क्रीम पुरते. त्यात निदान 30 टक्के स्निग्धांश हवा, त्याहून कमी असेल तर कितीही फेटले तरी ते उभे राहत नाही. क्रीम, वाडगा आणि फेटण्याचे साधन ही तिन्ही अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवावीत, कारण थंड स्निग्धकणच हवेच्या बुडबुड्यांना धरून ठेवतात. येथे टोके उभी राहतील इतके घट्ट क्रीम नको आहे. चमच्यावरून जाड धारेने पडेल आणि पडल्यावर क्षणभर खूण ठेवील, एवढे झाले की हात थांबवावा. थोडे अधिक फेटले की ते रवाळ होते आणि आणखी थोड्या वेळात त्याचे लोणी होते. साखर घालू नये, असे मी सुरुवातीलाच म्हटले आहे, आणि पाहुण्यांनी कितीही आग्रह केला तरी या बाबतीत मी माघार घेत नाही. खालच्या गोड, गरम कॉफीचा घोट या थंड, अळणी क्रीममधून येतो, त्यातच या पेयाची सगळी मजा आहे.

पेला भरण्याचा क्रम बदलू नये. आधी पेल्यात गरम पाणी घालून तो तापवावा आणि पाणी ओतून द्यावे. मग मोठा चमचाभर कॅरमल तळाशी घालावे, त्यावर कडक गरम कॉफी ओतावी आणि कॅरमल पूर्ण विरघळेपर्यंत ढवळावे. कॅरमल दुधानंतर घातले तर त्यातले लोणी नीट मिसळत नाही, तळाशी चिकट गोळा राहतो आणि शेवटचा घोट असह्य गोड होतो. त्यानंतर दूध घालावे, फेस चमच्याने वर लोटावा आणि उलट्या धरलेल्या चमच्यावरून क्रीम हलकेच सोडावे, म्हणजे ते न बुडता पसरते. दूध ताजे असावे. जुन्या दुधात आंबटपणा आधीच चढलेला असतो, त्यात कॉफीतील आम्ल आणि उष्णता यांची भर पडली की ते फाटते.

वर शोभेसाठी काही हवेच असेल, तर कॅरमल करताना क्रीम घालण्यापूर्वीचा चमचाभर गडद पाक बेकिंगच्या कागदावर पातळ पसरून ठेवावा. पाच-दहा मिनिटांत त्याची काचेसारखी पापडी होते आणि तिचे तुकडे क्रीमवर खोचता येतात. दमट हवेत ती लवकर चिकट होते, म्हणून पेला पुढे करण्याच्या क्षणापर्यंत तिला डब्यातून बाहेर काढू नये.

याच कृतीत चॉकलेटची चव आणायची असेल, तर पेल्यामागे एक लहान चमचा बिनसाखरेचा कोको आधी दोन चमचे गरम कॉफीत घोटून त्याची पेस्ट करावी. कोको थेट दुधावर भुरभुरला तर गुठळ्या होतात. थंड कॉफी करायची असल्यास कॅरमल गरम कॉफीत विरघळवून मगच ती निववावी आणि कॅरमलचे प्रमाण थोडे वाढवावे, कारण थंड पेयात जिभेला गोडवा कमी जाणवतो. बर्फ वितळून सगळे पाणचट होते, तेव्हा आदल्या दिवशीच थोडी कॉफी बर्फाच्या साच्यात गोठवून ठेवणे उत्तम.

राहिले ते कॅरमलचे पातेले, ज्याच्या बुडाशी आणि कडांना बरेच काही चिकटलेले असते. ते घासायला घेऊ नये. कॉफी त्याच दिवशी करणार असाल तर दोन्ही पेल्यांचे दूध त्याच पातेल्यात ओतून मंद आचेवर ढवळत तापवावे; कडांचे कॅरमल दुधात उतरते, पातेले जवळजवळ स्वच्छ होते आणि पेल्याच्या तळाशी घालायचे कॅरमल तेवढे कमी करता येते.