बारा फायबर, दोन पिना: बहुतंतू कनेक्टरची रचना करताना या चुका टाळा

प्रकाशातून माहिती वाहणाऱ्या एका काचतंतूचा, म्हणजे फायबरचा, कनेक्टर आणि बारा फायबरांचा कनेक्टर यांत फरक केवळ संख्येचा आहे, असे गृहीत धरून रचनेला बसणाऱ्याचे गणित पहिल्याच रेषेत चुकते. एका फायबरच्या कनेक्टरमध्ये सिरॅमिकचा गोल फेरूल, म्हणजे फायबरचे टोक धरून ठेवणारा तुकडा, असतो. फायबरचा गाभा, म्हणजे प्रकाश वाहणारा मधला भाग, केंद्रापासून किंचित सरकलेला असला, तरी फेरूल थोडा फिरवून ती चूक ठरावीक दिशेला वळवता येते आणि समोरच्या फेरूलची चूकही त्याच दिशेला ठेवता येते. बारा फायबर एका ओळीत बसले की ही सोय संपते. प्रत्येकाची चूक वेगळ्या दिशेची असते आणि एकाला जुळवायला गेलो तर दुसरा बिघडतो.

या लेखात उदाहरण म्हणून एमपीओ हा अनेक फायबर एकदम जोडणारा कनेक्टर घेतला आहे. त्याच्या पोटातला, प्लॅस्टिक साच्यात ओतून केलेला एमटी फेरूल १९८० च्या दशकात जपानच्या एनटीटी या दूरसंचार कंपनीत घडला. समोरून तो ६.४ मिमी रुंद आणि २.५ मिमी उंच असा लहानसा आयत दिसतो. मध्यभागी ०.२५ मिमी अंतराने बारा छिद्रांची ओळ असते आणि दोन्ही बाजूंना, एकमेकांपासून ४.६ मिमीवर, सुमारे ०.७ मिमी व्यासाची दोन छिद्रे गाइड पिनांसाठी असतात. एका फेरूलमध्ये पिना असतात, समोरच्यात रिकामी छिद्रे. जुळणी होते ती या दोन पिनांवर, बाहेरच्या प्लॅस्टिकच्या घरावर नव्हे. हे वाक्य सोपे वाटते, पण पुढच्या निम्म्या चुका ते विसरल्यामुळे होतात.

सरासरीवर विसंबणे

सिंगल मोड, म्हणजे प्रकाशाला एकच वाट देणाऱ्या बारीक गाभ्याच्या, फायबरमध्ये १३१० नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश सुमारे ९.२ मायक्रॉन व्यासाच्या क्षेत्रात मावलेला असतो. समोरासमोरच्या दोन फायबरांचे मध्य अर्ध्या मायक्रॉनने सरकले तर प्रकाशाचा सुमारे ०.०५ डेसिबल तोटा होतो, एका मायक्रॉनने सरकले तर ०.२ आणि दोन मायक्रॉनने सरकले तर ०.८. चूक दुप्पट झाली की तोटा चौपट होतो. आता अकरा फायबरांचा तोटा ०.०५ आणि बाराव्याचा ०.८ असलेला कनेक्टर घ्या. त्याची सरासरी साधारण ०.११ डेसिबल निघते आणि कागदावर तो उत्कृष्ट ठरतो. प्रत्यक्षात ४००जीबेस-डीआर४ सारख्या, सेकंदाला ४०० गिगाबिट वाहणाऱ्या इथरनेट जोडणीत माहिती चार समांतर मार्गिकांत वाटलेली असते. त्यांतील एक मार्गिका जरी मर्यादेबाहेर गेली, तरी उरलेल्या तीन कितीही चांगल्या असोत, संपूर्ण जोडणी बंद पडते. म्हणून रचनेचे उद्दिष्ट लिहितानाच ते सर्वांत वाईट फायबरसाठी लिहावे.

संख्या वाढते तशी ही अट किती कठोर होते, ते साध्या गुणाकारानेही कळते. एक छिद्र योग्य जागी असण्याची शक्यता ९९ टक्के आहे आणि सर्व छिद्रे एकमेकांपासून स्वतंत्र आहेत असे धरले, तर बाराही योग्य असण्याची शक्यता ८९ टक्के, चोविसांची ७९ टक्के आणि बहात्तरांची जेमतेम ४८ टक्के उरते. प्रत्यक्षात एकाच साच्यातील चुका परस्परांशी निगडित असतात, त्यामुळे हे आकडे तंतोतंत लागू होत नाहीत. कल मात्र हाच राहतो.

याच चुकीचे दुसरे रूप चाचणीत दिसते. नमुना कनेक्टर अतिशय अचूक अशा मास्टर कनेक्टरशी जोडून मोजला जातो, उत्तम निकाल मिळतो आणि रचना मंजूर होते. ग्राहकाकडे मात्र कोणताही कनेक्टर कोणत्याही दुसऱ्याशी जोडला जातो आणि दोघांच्याही चुका एकत्र येतात. वेगवेगळ्या साच्यांतून आणि साच्यांच्या वेगवेगळ्या पोकळ्यांतून आलेले नमुने आपापसांत जोडून मोजल्याशिवाय रचना पूर्ण झाली असे मानू नये.

मोजमापाचा आधार चुकीचा निवडणे

छिद्रांच्या जागा फेरूलच्या बाहेरच्या कडेपासून मोजलेली रेखाचित्रे अजूनही पाहायला मिळतात. बाहेरच्या कडेला जुळणीत काहीच काम नसते. दोन गाइड छिद्रांचे मध्य जोडणारी रेषा हा एक अक्ष आणि त्या रेषेचा मध्यबिंदू हे मूळ धरून प्रत्येक फायबरची जागा सांगितली पाहिजे. तसे केले की साच्याच्या दुरुस्तीचा रोखही योग्य जागी जातो.

पीन आणि छिद्र यांच्यातील मोकळीक हा यातला सर्वांत नाजूक आकडा आहे. एका मायक्रॉनची मोकळीक ठेवली तर ती जवळजवळ जशीच्या तशी सरकण्यात उतरू शकते. ती शून्याकडे नेली तर पीन आत जाताना छिद्राची कड खरवडते, त्याचा भुगा नेमका फेरूलच्या तोंडावर येतो आणि शंभराव्या जोडणीला कनेक्टर पहिल्या जोडणीपेक्षा वाईट वागू लागतो. म्हणून पिनेच्या टोकाचा आकार आणि छिद्राच्या तोंडाची उतरती कड यांना व्यासाइतकेच महत्त्व द्यावे.

आणखी एक गोष्ट घराच्या बाबतीत. फेरूल घरात थोडा तरंगता असला पाहिजे. घराने तो घट्ट धरला तर केबलला बाजूने बसलेला ओढा थेट फेरूलपर्यंत पोहोचतो, पिना आणि ओढा यांच्यात रस्सीखेच सुरू होते आणि केबल हलवली की तोटा बदलतो. घट्ट बसलेली वस्तू हाताला दर्जेदार वाटते, हे खरे. या एका ठिकाणी हाताचे ऐकू नये.

तिरक्या तोंडाचे परिणाम न मोजणे

सिंगल मोड एमपीओमध्ये परावर्तित प्रकाश मागे जाऊ नये म्हणून फेरूलचे तोंड आठ अंशांनी तिरके घासलेले असते. यातून दोन अडचणी उद्भवतात.

पहिली बलाची आहे. बारा फायबरांच्या एमपीओमध्ये स्प्रिंग साधारण १० न्यूटनने फेरूल पुढे दाबते. तिरक्या तोंडांवर हेच बल बाजूला ढकलू लागते. घर्षण सोडून दिले तर आठ अंशांना सुमारे १.४ न्यूटन. दोन्ही फेरूल उताराच्या दिशेने सरकतात आणि पिनांची मोकळीक एका बाजूला संपवून टाकतात. म्हणून त्या मोकळीकीला कोणत्याही दिशेने विखुरणारी चूक समजू नये. ती ठरलेल्या दिशेची चूक आहे आणि छिद्रांच्या ओळीची जागा ठरवतानाच तिचा हिशेब करता येतो.

दुसरी अडचण खुंटीची. प्रत्येक कनेक्टरच्या घरावर दिशा ठरवणारी एक खुंटी असते; ती एका कनेक्टरची वर आणि समोरच्याची खाली असेल, तरच दोन तिरकी तोंडे एकमेकांवर सपाट बसतात. दोन कनेक्टर समोरासमोर धरणारा अडॅप्टर दोन्ही खुंट्या वर ठेवणारा वापरला तर दोन्ही उतार एकाच बाजूला मागे जातात आणि तोंडांमध्ये पाचरीच्या आकाराची फट राहते. फायबरांचा क्रम उलटवण्यासाठी मल्टिमोडमध्ये, म्हणजे जाड गाभ्याच्या फायबरांमध्ये, असा अडॅप्टर सर्रास वापरतात. ती सवय सिंगल मोडमध्ये आणली की जोडणी दिसायला पूर्ण होते आणि प्रकाश मात्र अडतो. क्रम उलटवायचा असेल तर तो केबलमध्ये उलटवावा.

स्पर्श गृहीत धरणे

फेरूलचे प्लॅस्टिक काचेपेक्षा मऊ असते. त्यामुळे घासताना ते अधिक झिजते आणि फायबरांची टोके एक ते तीन मायक्रॉन पुढे राहतात. ही टोके समोरच्या टोकांना प्रत्यक्ष टेकली पाहिजेत. बारांपैकी सर्वांत आखूड फायबर टेकेपर्यंत उरलेल्या अकरांना स्प्रिंगच्या बलाखाली दबावे लागते. बल तेवढेच ठेवून फायबर चोवीस केले तर प्रत्येकाच्या वाट्याला निम्मेच बल येते. म्हणून अधिक फायबरांच्या रचनेत २० न्यूटनची स्प्रिंग दिसते. पण नुसती जोरदार स्प्रिंग बसवून उंचीतील फरक झाकणे हा उपाय नव्हे. तो ताण शेवटी अडॅप्टरची कडी, घर आणि फेरूलची मागची बाजू यांनाच सोसावा लागतो. आधी घासण्याची प्रक्रिया सुधारावी.

सरळ तोंडाच्या कनेक्टरमध्ये टोके टेकली नाहीत तर काच आणि हवा यांच्या प्रत्येक सीमेवर सुमारे ३.५ टक्के प्रकाश परत फिरतो. दोन सीमांचे परावर्तन एकमेकांत मिसळते, त्यामुळे फटीच्या रुंदीनुसार तोटा शून्यापासून सुमारे ०.६ डेसिबलपर्यंत हेलकावे खातो. कनेक्टरला बोट लावताच वाचन बदलत असेल, तर प्रथम याच कारणाचा संशय घ्यावा.

तापमान आणि बेमेल जोडीदार

ही चूक यापुढे वाढत जाणार, असे मला वाटते. दोन्ही बाजूंना एकाच प्लॅस्टिकचे फेरूल असतील आणि दोघांचे तापमान सारखे असेल, तर दोघेही सारखेच फुगतात आणि फारसे बिघडत नाही. परंतु आता फायबर थेट काचेच्या किंवा सिलिकॉनच्या ठोकळ्याशी जोडायचे प्रयत्न होत आहेत. फेरूलसाठी वापरले जाणारे, काच मिसळलेले पीपीएस प्लॅस्टिक दर अंशाला साधारण दहा लाखांत वीस भाग फुगते असे धरू. फायबरची काच दहा लाखांत केवळ अर्ध्या भागाच्या आसपास फुगते. तापमान ५० अंशांनी वाढले तर मध्यापासून १.३७५ मिमी दूर असलेला टोकाचा फायबर जवळपास १.४ मायक्रॉन सरकतो. त्याहून वाईट म्हणजे ४.६ मिमी अंतरावरच्या दोन पिनांच्या छिद्रांतील अंतर साडेचार मायक्रॉनने बदलते. एवढी मोकळीक छिद्रात नसते. पिना अडकतात किंवा फेरूल वाकतो. अशा रचनेत एक छिद्र गोल आणि दुसरे ओळीच्या दिशेने लांबट ठेवणे हा जुना यांत्रिक तोडगा आजही सर्वांत शहाणपणाचा आहे.

इपॉक्सीबाबत थोडक्यात: फायबर छिद्रात धरून ठेवणाऱ्या इपॉक्सी या चिकटद्रव्याचे मऊ होण्याचे तापमान कनेक्टरच्या कमाल वापर-तापमानापेक्षा बरेच वर असावे. अन्यथा गरम-थंड होण्याच्या प्रत्येक फेरीत फायबर हळूहळू मागे सरकतो आणि टोकांचा स्पर्श सुटतो.

बिघाड कोणत्या फायबरांवर आहे, ते पाहणे

बहुतंतू कनेक्टरचा एक फायदा असा की, बारा वाचने एकत्र ठेवली तर बिघाड स्वतःच आपली ओळख सांगतो. त्यामुळे केवळ सर्वांत वाईट आकडा लिहून ठेवण्याऐवजी बाराही आकडे क्रमाने लिहावेत.

बाराही फायबरांचा तोटा सारख्याच प्रमाणात वाढला असेल तर संपूर्ण ओळ सरकलेली आहे, किंवा जोडणीत पिनाच नाहीत. बिनपिनांचे दोन कनेक्टर अडॅप्टरमध्ये निमूटपणे बसतात, खटका वाजतो आणि तपासणाऱ्याला काहीच वावगे वाटत नाही. उलट, पिना असलेले दोन कनेक्टर समोरासमोर आले तर पिना एकमेकींवर आपटतात. ट्रान्सीव्हरच्या, म्हणजे प्रकाश पाठवणाऱ्या आणि घेणाऱ्या उपकरणाच्या, आत पिना आधीच असतात, हे लक्षात ठेवून केबलचा प्रकार निवडावा.

तोटा एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे पायरीपायरीने वाढत असेल तर फेरूल वाकडा बसला आहे. बहुधा एका पिनेच्या मुळाशी कचरा अडकलेला असतो. पिना असलेल्या बाजूची सफाई अवघड असते आणि तिथेच ती राहून जाते. फक्त एक व बारा क्रमांकाचे फायबर बिघडले असतील तर घासताना कडा अधिक झिजल्या असाव्यात, किंवा छिद्रांचे अंतर साच्यात आकुंचन पावलेले असावे. यांतला भेद मोजणीने करता येतो: पहिल्या प्रकारात टोकांची उंची कमी भरते, दुसऱ्यात उंची ठीक असते आणि जागा चुकलेली असते.

एकच फायबर बिघडला असेल तर प्रथम सूक्ष्मदर्शकाखाली धूळ आणि तडा शोधावा. अर्थात पलीकडून प्रकाश सोडलेला नाही याची खात्री करूनच, कारण तो प्रकाश डोळ्यांना दिसत नाही पण इजा करतो. तोंड स्वच्छ असूनही तोटा कायम असेल तर समोरचा कनेक्टर बदलून पुन्हा मोजावे. तोच क्रमांक पुन्हा वाईट आला तर दोष आपल्याच फेरूलच्या त्या छिद्रात आहे. मग त्याच साच्यातील, त्याच पोकळीतून आलेले आणखी पाच-सहा फेरूल काढून तेच छिद्र मोजावे, कारण साच्यातील छिद्र घडवणारी एखादी सळई वाकलेली असेल तर तो दोष त्या सर्वांत तंतोतंत उतरलेला सापडतो.