शेतघरासाठी विजेच्या जोडणीविना दिवे

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्याच्या पश्चिमेला, जांबोटी-कणकुंबीच्या पट्ट्यात शेतघर असेल, तर सौर दिव्यांचा हिशेब उन्हाळ्यावरून न करता आषाढातल्या ढगाळ दिवसांवरून करावा. 5 वॅटचे तीन एलईडी दिवे रोज चार तास लावल्यास 60 वॅट-तास वीज लागते. तीन दिवस ऊन पडले नाही असे धरले, तर 180 वॅट-तासांचा साठा हवा. 12.8 व्होल्ट, 20 अँपिअर-तासांची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी 256 वॅट-तास साठवते, म्हणजे ती पुरून उरते. शिसे-आम्लाची बॅटरी स्वस्त मिळते खरी, पण ती निम्म्याहून अधिक उतरवली की लवकर निकामी होते, त्यामुळे तितक्याच कामासाठी किमान 30 अँपिअर-तासांची घ्यावी लागते.

दिवे थेट 12 व्होल्टचेच निवडावेत, कारण घरगुती 230 व्होल्टच्या दिव्यांना इन्व्हर्टर लागतो आणि तो दिवा बंद असतानाही थोडी वीज खात राहतो. प्रकाश 2700 ते 3000 केल्व्हिनचा, पिवळसर असावा. पांढऱ्याशुभ्र दिव्यावर पावसाळी किडे अधिक झेपावतात आणि ताटात पडतात.

सौर पॅनेल दक्षिणेकडे 15 ते 20 अंशांत कलते बसवावे. आंब्याफणसाची सावली त्यावर पडू देऊ नये, कारण एका कोपऱ्यावरची सावलीही उत्पादन बरेच घटवते. चार्ज कंट्रोलर, म्हणजे पॅनेलमधून बॅटरीत जाणारी वीज नियंत्रित करणारे उपकरण, बॅटरीच्या प्रकाराला जुळणारा घ्यावा. बॅटरीच्या धन टोकालगत फ्यूज बसवायला मात्र विसरू नये. वायरमन तो पुष्कळदा गाळतात.