पुढून आवाज येतोय? डिफरन्शियल उघडण्याआधी या चुका टाळा

तान्ह्या पोळ्याला गल्लीतून पोरं लाकडी बैल ओढत नेतात, तेव्हा त्या बैलाची चाकं कशी कुरकुरतात ते नागपूरकरांना सांगायला नको. अगदी तसा आवाज पावसाळ्यात माझ्या जुन्या फोर-बाय-फोर जीपच्या पुढच्या बाजूनं यायला लागला. कुर्र-चिक, कुर्र-चिक. वेग वाढला की घाईघाईनं, गाडी थांबली की बंद. काही दिवस अजिबात नाही. आणि मिस्त्रीकडे नेली की हमखास गप्प.

दोन महिन्यांत मी पुढच्या दोन्ही चाकांची बेअरिंगं बदलली, पुढचं डिफरन्शियल (वळताना दोन चाकांना वेगवेगळ्या वेगानं फिरू देणारा गिअरचा डबा) उघडून पाहिलं, मजुरी मोजली. आवाज तिथंच. दोष निघाला तो भलतीकडेच, आणि त्यात माझाही हात होता. ते पुढे येईलच.

आवाज ऐकला की लगेच पार्टचं नाव घेणं

"बेअरिंगच आहे भाऊ, डोळे झाकून बदलवून टाका." हे वाक्य मी ऐकलं आणि खरंच डोळे झाकले. नंतर कामठी रोडकडच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीनं बॉनेटला हातही न लावता विचारलं, "पहिले हे सांगा, वाजते कवा?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. दोन महिने गाडी चालवूनही.

एक वही घ्या, निदान मोबाइलमध्ये तरी लिहून ठेवा. किती वेगावर वाजतं? अ‍ॅक्सिलरेटर दाबल्यावर की सोडल्यावर? वळताना कोणत्या बाजूला? ब्रेकला हलका पाय लावला तर बदलतं का? सेमिनरी हिल्सचा चढ आणि उतार यासाठी उत्तम. चढताना गिअरच्या दातांची एक बाजू ओझं घेते, उतारावर पाय सोडला की दुसरी. एकाच बाजूला हुंकारासारखा सूर येत असेल तर क्राऊन-पिनियन (डिफरन्शियलमधली मोठ्या-छोट्या गिअरची जोडी) किंवा पिनियनच्या बेअरिंगवर संशय घ्यायला जागा आहे.

चाकाच्या बेअरिंगचा आवाज घरघरीचा, एकसलग असतो, आणि तो ओझ्याप्रमाणे बदलतो. गाडी डावीकडे वळवली की वजन उजव्या चाकावर जातं. तेव्हा घरघर वाढली तर उजवं बेअरिंग पाहा. सीव्ही जॉइंट (वळलेल्या चाकालाही ताकद पोचवणारा सांधा) झिजला असेल तर स्टिअरिंग पूर्ण वळवून अ‍ॅक्सिलरेटर दिल्यावर टक-टक-टक येतं आणि बहुतेक वेळा रबरी बूट फाटून ग्रीस चाकाच्या आतल्या बाजूला उडालेलं दिसतं. माझी कुरकुर यातल्या कशातच बसत नव्हती. तरी मी बेअरिंग बदलली.

कोरड्या सिमेंटवर फोर-व्हील टाकून 'टेस्ट' घेणं

शहरभर सिमेंटचे रस्ते झाले आहेत, आणि लोक त्यावरच लिव्हर फोर-हायमध्ये, म्हणजे चारही चाकांना जोर मिळेल अशी, टाकून गोल गोल फिरतात. पुढून कण्हल्यासारखा आवाज येतो, स्टिअरिंग जड होतं, गाडी उड्या मारते, आणि मालकाचा चेहरा पडतो. हा बिघाड नाही. पार्ट-टाइम फोर-बाय-फोरमध्ये (गरजेपुरतीच चारही चाकं जोडायची गाडी) पुढच्या आणि मागच्या प्रोपेलर शाफ्टच्या (अ‍ॅक्सलकडे ताकद नेणाऱ्या लांब दांड्यांच्या) मध्ये डिफरन्शियल नसतं, दोन्ही शाफ्ट एकमेकांना बांधलेले असतात. वळताना पुढची चाकं मागच्यांपेक्षा लांबचा फेरा घेतात. मातीत टायर थोडे घसरतात आणि तो फरक निघून जातो. सिमेंटवर घसरायला जागा नाही, मग सगळा पीळ गिअर आणि शाफ्टमध्ये साठतो. लिव्हर अडकली तर सरळ रेषेत थोडं मागे घ्या, सुटते. पुढे नवे टायर आणि मागे घासलेले असले तरी हाच पीळ कमी प्रमाणात पडतो. टेस्ट घ्यायचीच तर हिंगण्याकडच्या एखाद्या कच्च्या रस्त्यावर घ्या.

जिथे ऐकू येतं तिथेच दोष मानणं

चेसिस म्हणजे लोखंडाची लांब पट्टी. एका टोकाला टिचकी मारा, दुसऱ्या टोकाला वाजतं. ट्रान्सफर केस म्हणजे ताकद पुढच्या-मागच्या चाकांत वाटणारा डबा. त्याच्याजवळचा आवाज पायाखालच्या पत्र्यातून असा येतो की डाव्या चाकातून आल्याची शपथ घ्याल. मी घेतली होती.

खिडक्या उघड्या ठेवून लांब भिंतीला समांतर चालवा, आवाज भिंतीवर आपटून परत येतो आणि निदान बाजू तरी कळते. वर्धा रोडच्या डबलडेकर पुलाचा कठडा मी यासाठी पहाटे वापरला. गाडी उभी असताना वाजणाऱ्या गोष्टींसाठी लांब पेचकस हाउसिंगला टेकवून त्याची मूठ कानाला लावणं हा जुना उपाय अजूनही चालतो.

आणि हो, आधी फुकटातले संशयित काढून टाका. उमरेडकडच्या काळ्या मातीत गाडी घातली असेल तर रिमच्या आत चिखलाचं विटेसारखं कडक झालेलं ढेकूळ बसतं आणि स्टिअरिंग थरथरतं. ब्रेक डिस्कच्या मागच्या पत्र्यात अडकलेला एक खडा तर अशी किंचाळी फोडतो की वाटावं अख्खा अ‍ॅक्सल गेला. खडा निघाला, बिल शून्य.

जॅकवर चढवून गाडी चालू करणं

एक चूक जिवावर बेतणारी आहे. पुढची चाकं उचलून, लिव्हर फोर-व्हीलमध्ये टाकून गिअर टाकला तर जमिनीवरची मागची चाकंही फिरतात आणि गाडी जॅकवरून उडी मारते. असं करू नका. शिवाय इंडिपेंडंट सस्पेन्शनमध्ये (प्रत्येक चाक स्वतंत्रपणे वर-खाली होतं ते) चाक लोंबकळलं की सीव्ही जॉइंट नेहमीपेक्षा जास्त कोनात जातो आणि रस्त्यावर कधीच न येणारा आवाज काढतो. उचललेली गाडी हातानं चाक फिरवून तपासा. खाली पक्के स्टँड, मागच्या चाकांना दोन्हीकडून दगड.

फेरे न मोजणं

माझं कोडं सुटलं ते मोजण्यानं, म्हणून इथे जरा थांबतो.

प्रोपेलर शाफ्ट चाकापेक्षा जोरात फिरतो. किती, ते डिफरन्शियलच्या रेशोवर. बहुतेक जीपमध्ये हा आकडा 4 च्या आसपास असतो, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्यात शाफ्टचे सुमारे 4 फेरे. त्यामुळे चाकाच्या एका फेऱ्यात आवाज एकदा आला तर चाक, हब, टायर, ब्रेक यांत शोधा. 4 वेळा आला तर शाफ्ट किंवा पिनियन. टायरवर खडूनं रेघ मारा, मोकळ्या मैदानात गाडी न्यूट्रलमध्ये ढकला आणि बाजूनं चालत मोजा. 28 इंची टायर एका फेऱ्यात सव्वादोन मीटरच्या जवळपास जातो, चालत मोजणं सहज जमतं.

कोपऱ्यावरच्या चार पोरांना नाश्त्याचं आमिष दाखवून गाडी ढकलायला लावली. मोजलं तर दर फेऱ्याला 2 आवाज. पुन्हा मोजलं. 2 च. ना चाकाचा आकडा, ना शाफ्टचा. वैतागून खाली वाकलो तर पुढचा प्रोपेलर शाफ्ट फिरत होता. या गाडीत पुढचे हब डायल फिरवून चाकाला शाफ्टशी जोडतात (लॉक) किंवा सोडवतात (फ्री). पुढचे दोन्ही हब 'फ्री'वर होते, गाडी टू-व्हीलमध्ये होती. शाफ्ट उभा राहायला हवा होता.

आता अर्थ लागला. एक हब खरा मोकळा होता, दुसरा डायलवर मोकळा आणि आतून लॉक. एकच चाक अ‍ॅक्सल फिरवत असेल आणि दुसऱ्या बाजूच्या चाकाचा शाफ्ट उभा असेल, तर डिफरन्शियलचा पिंजरा (ज्यावर क्राऊन बसतो तो) चाकाच्या निम्म्या वेगानं फिरतो, म्हणून प्रोपेलरचे 4 ऐवजी 2 फेरे. आणि ज्या दिवशी दुसऱ्या बाजूचा शाफ्ट सहज उलटा फिरायचा, त्या दिवशी प्रोपेलर उभाच. आवाज गायब. मिस्त्रीकडे गाडी का गप्प बसायची, त्याचंही उत्तर बहुधा हेच.

हब खात्रीनं तपासायचा असेल तर एक चाक उचला आणि त्याचा हब फ्री करा. जमिनीवर असलेल्या दुसऱ्या चाकाचा हब मुद्दाम लॉक करा, म्हणजे तिकडचा शाफ्ट जागेवर राहील. लिव्हर टू-व्हीलमध्ये ठेवून उचललेलं चाक हातानं फिरवा. त्यासोबत पुढचा प्रोपेलर फिरला तर तो हब सुटलेला नाही. मग बाजू बदलून दुसराही पाहा.

माझा उजवा हब उघडला. आत मीच मागच्या वर्षी प्रेमानं ठासून भरलेलं बेअरिंगचं ग्रीस, त्यात मिसळलेली बारीक धूळ, दोन्ही मिळून खरवडीसारखं घट्ट. सरकणाऱ्या रिंगला मागे यायला जागाच नव्हती. लॉकिंग हबमध्ये ग्रीसचा पातळ हात पुरे, भरायचं ते बेअरिंगमध्ये.

क्रॉस हलवून 'प्ले नाही' म्हणणं

पण शाफ्ट फिरतो म्हणून तो कुरकुरायलाच हवा असं नाही. पुढच्या शाफ्टचे दोन्ही क्रॉस (टोकांचे, चार टोप्यांचे वळते सांधे) तीन जणांनी हलवून पाहिले होते आणि तिघांनीही "टाइट आहे" असं सांगितलं होतं. टाइट होता हे खरं, आणि रोग तोच होता. झिजलेला क्रॉस खडखडतो, पण कोरडा पडून गंजलेला क्रॉस जाम होतो. शाफ्टला धरून झटके दिले तर तो दगडासारखा घट्ट लागतो. शाफ्ट उतरवून प्रत्येक जॉइंट दोन्ही दिशांना हातानं वाकवून पाहावा लागतो. माझा ट्रान्सफरकडचा क्रॉस एका दिशेनं लोण्यासारखा वळला, दुसऱ्या दिशेनं अडकत, कुर्र करत. टोपी काढली तेव्हा सुयांसारखे रोलर बाहेर आलेच नाहीत. कुंकवासारखी लाल भुकटी मात्र बोटाला लागली.

पाणी कुठून गेलं? कन्हानच्या पात्रातून, दुसरं कुठून. त्या दिवशी घरी येऊन ग्रीस गन मारायची होती, राहिली. निपल (ग्रीस भरायचं तोंड) असलेल्या क्रॉसला चारही टोप्यांतून नवं ग्रीस बाहेर डोकावेपर्यंत पंप करायचं. तीनमधूनच आलं तर चौथीची वाट बंद आहे. पाण्यातून गाडी काढली असेल तर डिफरन्शियलचा ब्रीदर (हवा जायची-यायची वाट) आणि तेलही पाहा. तापलेलं हाउसिंग थंड पाण्यात बुडालं की आतली हवा आकसते, आणि ब्रीदर चिखलानं बुजलेला असेल तर सीलमधून पाणी ओढलं जातं. तेल ताकासारखं पांढरट दिसलं की बदला. ड्रेन प्लगच्या चुंबकावर बारीक राखाडी लेप असतोच. तुकडे निघाले तरच डिफरन्शियल उघडा.

शाफ्ट काढताना दोन्ही फ्लँजवर (बोल्टनं जोडायच्या चकत्यांवर) आणि सरकत्या जोडावर खूण करा. दोन टोकांचे योक (क्रॉस धरणारे दुबेळके) एका रेषेत बसले पाहिजेत. स्प्लाइनवर (सरकत्या जोडाच्या खाचांवर) एखादा दात इकडेतिकडे झाला तर कुरकुर जाईल आणि थरथर येईल. मी खूण केली होती, पण खडूनं. डिझेलनं धुताना ती पुसली गेली आणि शाफ्ट दोनदा बसवावा लागला. पंच मारा.