नादारीचा अर्ज करण्याआधी पिशवीत काय काय हवं

नादारीचा, म्हणजे देणं फेडता येत नाही असं कोर्टाला सांगायचा (दिवाळखोरीचा) अर्ज करायचा असेल तर आधी एक जाड वही घ्या. सुटे कागद नकोत, ते ऐनवेळी सापडत नाहीत. वही उघडायच्या वेळी घरातलं माणूस शेजारी बसवा. मी तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा स्वयंसेवक म्हणून बसते, आणि अमळनेरकडचे एक कापूसवाले भाऊ मला विसरता येत नाहीत. खताच्या पिशवीतून त्यांनी बँकेची नोटीस काढली, फायनान्सचं पुस्तक काढलं, कृषी केंद्राची उधारीची बिलं काढली. बेरीज झाली. वहिनी पाणी प्यायला बाहेर गेल्या तसे ते हळूच म्हणाले, "ताई, आखो एक शे." म्हणजे अजून एक आहे. साडूकडून घेतलेले ऐंशी हजार, आणि एका खासगी सावकाराकडे सही करून दिलेला कोरा स्टॅम्पपेपर. सगळ्यात घातक कागद तोच होता आणि यादीत तोच नव्हता.

म्हणून ज्याची लाज वाटते ते देणं पहिल्या पानावर लिहा. प्रत्येक धनकोचं (ज्याचं देणं आहे त्याचं) पूर्ण नाव, पत्ता, मूळ रक्कम, व्याज, काय गहाण आहे, जामीनदार कोण. आपल्याकडे जळगाव, धुळे, नंदुरबारला १९२० चा प्रांतिक नादारी कायदा लागतो (मुंबई शहराला १९०९ चा वेगळा आहे), आणि अर्जात हा तपशील द्यावाच लागतो. २०१६ ची नवी दिवाळखोरी संहिता आली ना, असं बरेच जण विचारतात. तिच्यातला व्यक्तींचा भाग २०१९ पासून फक्त कंपनीच्या कर्जाला वैयक्तिक जामीन राहिलेल्यांपुरता सुरू झाला. शेतकऱ्याला, दुकानदाराला, नोकरदाराला अजून जुनाच रस्ता आहे. त्यासाठी देणं किमान ५०० रुपये आणि ते फेडता न येणं पुरतं. म्हणजे दारात शिरणं सोपं आहे, खरी परीक्षा आत गेल्यावर असते.

जामीनदाराचं नाव लिहिताना त्याला फोन करा. बँक आधी तुमच्याकडेच जाईल, मग त्याच्याकडे, असा नियम नाही. ती सरळ त्याच्या दारात जाऊ शकते. त्याला हे नोटिशीतून कळू देऊ नका.

दुसऱ्या पानावर तारखा. शेवटचा हप्ता कधी भरला, शेवटची सही कशावर केली. साध्या पैशाच्या दाव्याला तीन वर्षांची मुदत असते, पण मुदतीच्या आत तुम्ही देणं लेखी कबूल केलं किंवा थोडी रक्कम भरली की तीन वर्षं पुन्हा पहिल्यापासून मोजली जातात. वसुलीवाला "नुसती पोच आहे, सही करा" म्हणाला तर कागदाचा फोटो काढा, सही वकिलांना दाखवून मगच करा. बँकेच्या, फायनान्सच्या वसुलीवाल्यांना सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करायला रिझर्व्ह बँकेने मनाई केली आहे. असे फोन आले तर त्यांची वेळही याच पानावर टिपा.

मग मालमत्ता. ताजा सातबारा, आठ-अ, फेरफार, गाडीचं आरसी बुक, विम्याची पॉलिसी, सोनं. इथे हात जोडून सांगते, शेत बायकोच्या किंवा भावाच्या नावावर करू नका. नादारीच्या अर्जाआधीच्या दोन वर्षांतलं बक्षीसपत्र, पुढे नादार ठरलात तर, कोर्ट रद्द करू शकतं. अर्जाआधीच्या तीन महिन्यांत एकाच माणसाला मुद्दाम झुकतं माप देऊन फेडलं असेल तर तेही उलटतं. साडूचे पैसे आधी देऊन टाकू, ही इच्छा मला समजते, पण तो व्यवहार शेवटी साडूलाच कोर्टात ओढतो.

आणि सगळं जातं असं नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० नुसार अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, मंगळसूत्र, शेतकऱ्याची अवजारं, बैल, बियाणं आणि तो राहतो ते घर जप्तीतून सुटतं. नादारीतही ही सूट राहते. मात्र जे तुम्ही स्वतः गहाण ठेवलंय त्यावरचा बँकेचा हक्क तसाच राहतो.

तुरुंगाची भीती प्रत्येकाला असते. नुसते पैसे नाहीत म्हणून दिवाणी कैद होत नाही. ऐपत असून टाळणारा वेगळा, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८० साली स्पष्ट केलं आहे. पैशाच्या हुकूमनाम्यात बाईला तर अटक करताच येत नाही. चेक न वटल्याचा खटला मात्र फौजदारी असतो, तो नादारीने थांबत नाही. चेक न वटल्याची नोटीस मिळाल्यावर पैसे द्यायला १५ दिवस असतात, म्हणून पाकीट मिळाल्याची तारीख पाकिटावरच लिहा आणि पाकीट जपा.

पतसंस्थेचं कर्ज असेल तर वेगळा कप्पा करा. तिचा वसुली दाखला सहकारी संस्था कायद्याच्या कलम १०१ खाली सहकार निबंधकांकडून निघतो, दिवाणी दावा लावावा लागत नाही. त्यावर फेरतपासणीला जायचं तर निम्मी रक्कम आधी भरावी लागते. म्हणून सुनावणीची नोटीस येताच हजर राहा, दाखला निघायची वाट बघू नका. खासगी सावकाराची तक्रार जिल्हा उपनिबंधकांकडे होते. २०१४ च्या कायद्याने सावकाराला मुद्दलापेक्षा जास्त व्याज वसूल करता येत नाही, कोऱ्या कागदावर सह्या घेता येत नाहीत. कोरा कागद दिला असेल तर तारीख, जागा, तेव्हा कोण हजर होतं, सगळं लिहा.

नुसता अर्ज दिल्याने दावे थांबत नाहीत. नादार ठरवल्याचा हुकूम झाल्यावर कोर्टाच्या परवानगीशिवाय बिगरतारण (ज्याच्याकडे काही गहाण नाही अशा) धनकोला पुढे जाता येत नाही. त्या हुकुमात मुक्ततेचा (देण्यातून सुटण्याचा) अर्ज करायची मुदत असते, ती भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा. ती चुकली तर हुकूमच रद्द होतो. मुक्त होईपर्यंत आपण नादार आहोत हे न सांगता ५० रुपयांचीही उधारी घेणं गुन्हा आहे. सरकारी देणं आणि पोटगी मुक्ततेनंतरही उरते.

वकिलाची फी परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. महिलांना, अनुसूचित जाती-जमातींना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. नंदुरबारच्या पाड्यांवर हे अजून पुरेसं पोहोचलेलं नाही, कृपा करून सांगा. फोन १५१००. जाताना झेरॉक्सचे तीन संच न्या आणि मूळ कागद घरी ठेवा. वही मात्र मूळच न्या.