अकरावीचे विषय कसे निवडावेत? आधी कुठला विषय सोडताय ते बघा

दहावी-बारावीच्या निकालात कोकण विभाग, म्हणजे रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग, वर्षानुवर्षं राज्यात पहिला येतो. पेढे वाटून होतात आणि लगेच घरात चर्चा सुरू होते: सायन्स, कॉमर्स की आर्ट्स? खरं तर शाखा ठरवण्याआधी कुठला विषय सोडतोय हे तपासायला हवं. बारावीनंतर एखादा अभ्यासक्रम हातचा जातो तो बहुतेक वेळा दोन वर्षांपूर्वी सोडलेल्या एका विषयामुळे.

१. मागून पुढे या

कोऱ्या कागदावर मुलाला बरे वाटणारे तीन-चार व्यवसाय लिहा आणि प्रत्येकापुढे बारावीला लागणारे विषय मांडा. अभियांत्रिकी आणि वास्तुशास्त्राला भौतिकशास्त्र आणि गणित हवंच. वैद्यकीय, दंतवैद्यक, आयुर्वेद, फिजिओथेरपी या सगळ्यांना जीवशास्त्र आणि ‘नीट’ ही देशपातळीवरची प्रवेश परीक्षा. फार्मसी आणि कृषीला गणित किंवा जीवशास्त्र यांपैकी एक असलं तरी चालतं, त्यामुळे दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठातल्या कृषी, उद्यानविद्या, वनशास्त्र या पदव्या दोन्ही गटांना खुल्या राहतात. रत्नागिरीजवळ शिरगावला याच विद्यापीठाचं मत्स्य महाविद्यालय आहे. तिथे मात्र जीवशास्त्र लागतं. घरचा ट्रॉलर आहे म्हणून मुलगा मत्स्यशास्त्राला जाणार असं ठरवून बसलेल्या घरांनी हे आधीच बघावं. एनडीएतून (राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी) नौदल किंवा हवाईदलात जायचं तर भौतिक, रसायन आणि गणित हवं, लष्कराला कुठलीही शाखा चालते. हॉटेल मॅनेजमेंट आणि पाच वर्षांच्या विधी पदवीलाही शाखेचं बंधन नाही.

कागद भरला की दिसेल, एक विषय वारंवार येतोय. तो गणित असेल तर दहावीला बीजगणितात कमी पडले या रागात तो सोडू नका. गणित सोडायला एक सही पुरते. पुढे परत घ्यायचं तर वर्ष जातं.

२. मर्चंट नेव्हीचं वेगळं बघा

किनारपट्टीवरच्या गावांत हा प्रश्न दर घरटी येतो. डेक किंवा इंजिन अधिकारी व्हायचं तर बारावीला भौतिक, रसायन, गणित मिळून सरासरी ६० टक्के, शिवाय दहावी किंवा बारावीच्या इंग्रजीत ५० टक्के लागतात. वर आयएमयू-सीईटी ही प्रवेश परीक्षा. इंग्रजीकडे कुणी बघत नाही आणि नेमकं तिथेच अडतं.

याहून मोठी अडचण डोळ्यांची. रंगांधळेपणा चालत नाही, आणि दृष्टीचे निकष डेकसाठी इंजिनपेक्षा कडक आहेत. म्हणून अकरावीचा अर्ज भरण्याआधी नौवहन महासंचालनालयाच्या (डीजी शिपिंग) मान्यताप्राप्त डॉक्टरकडून डोळे तपासून घ्या. बारावी झाल्यावर तपासणीत अपात्र ठरलेल्या मुलाकडे जीवशास्त्रही नसतं, तेव्हा त्याला वैद्यकीय किंवा मत्स्यशास्त्राकडे वळायला वाट उरत नाही. आणि ‘थेट बोटीवर चढवतो’ म्हणून लाखांत पैसे मागणाऱ्या एजंटाला पैसे देण्याआधी संस्थेचं नाव महासंचालनालयाच्या मान्यता यादीत आहे का ते स्वतः बघा.

३. चार विषय, बाय-फोकल की डिप्लोमा?

गणित आणि जीवशास्त्र दोन्ही घेतलं तर सगळे रस्ते खुले राहतात, पण ओझं खरंच वाढतं. आमचं मत असं: मुलगा खरोखर दोलायमान असेल तरच दोन्ही घ्या. ‘असू दे बाजूला’ म्हणून घेतलेला चौथा विषय बाकीच्या तिघांचे गुण खातो.

बाय-फोकलचा मोह मोठा असतो. कॉम्प्युटर सायन्स, इलेक्ट्रॉनिक्स असा २०० गुणांचा विषय द्वितीय भाषा आणि एक ऐच्छिक विषय यांच्या जागी येतो. कॉम्प्युटर सायन्समध्ये निम्मे गुण प्रात्यक्षिकाचे, त्यामुळे टक्का वाढतो. पण त्यासाठी बहुतेक मुलं जीवशास्त्र सोडतात, म्हणजे वैद्यकीयबरोबर मत्स्यशास्त्रही गेलं. अभियांत्रिकी पक्की असेल तर हा सौदा चांगला, नसेल तर नको.

हातानं काम करायला आवडणाऱ्या मुलाला दहावीनंतरचा तीन वर्षांचा डिप्लोमा जास्त मानवतो. रत्नागिरी आणि मालवणला शासकीय तंत्रनिकेतनं आहेत. डिप्लोमा झाला की अभियांत्रिकी पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेता येतो.

कॉमर्समध्ये खरी निवड गणित की एस. पी. (सेक्रेटेरियल प्रॅक्टिस, म्हणजे चिटणिसाची कार्यपद्धती) ही. सी. ए. फाउंडेशनला बारावीचं गणित सक्तीचं नाही. तरी तिथल्या चार पेपरांपैकी एक गणित, तर्क आणि सांख्यिकीचा असतो. आर्ट्स घेणाऱ्यांनी स्पर्धा परीक्षा डोळ्यांसमोर ठेवून भूगोल, राज्यशास्त्र, अर्थशास्त्र घेतलं तर तोच अभ्यास पुढे पुन्हा कामी येतो.

४. एस. टी.चं वेळापत्रक बघून कॉलेज भरा

२०२५-२६ पासून अकरावीचे प्रवेश राज्यभर ऑनलाइन झाले. पहिल्या वर्षीच्या नियमांप्रमाणे अर्जात दहापर्यंत पसंतीक्रम देता येत होते, आणि पहिल्या पसंतीचं कॉलेज लागलं तर तिथे प्रवेश घ्यावाच लागत होता. नाहीतर नियमित फेऱ्यांतून बाहेर. म्हणजे ‘सहज टाकून बघू’ म्हणून पहिलं नाव लिहायची सोय नाही. आपल्या वर्षाची माहितीपुस्तिका वाचूनच अर्ज भरा.

पहिलं नाव ठरवताना तीन गोष्टी प्रत्यक्ष जाऊन विचारा. हवा तो विषय तिथे शिकवायला पूर्णवेळ शिक्षक आहे का? प्रयोगशाळेत प्रयोग खरोखर होतात का? भौतिकशास्त्रात १०० पैकी ३० गुण प्रात्यक्षिकाचे आहेत. आणि शेवटची गाडी किती वाजता? रोज जाऊन-येऊन तीन तास एस. टी.त जाणार असतील तर नामांकित कॉलेजपेक्षा तालुक्याचं बरं. पावसाळ्यात घाट बंद पडला की हे पटतं.

५. मे महिन्यात भाषा बदलून घ्या

मराठी माध्यमातून आलेली हुशार मुलं अकरावी सायन्सच्या पहिल्या दोन महिन्यांत गप्प होतात. विषय कळत असतो, शब्द कळत नाहीत. उपाय स्वस्त आहे: दहावीच्या विज्ञानातले शंभर-दीडशे शब्द दोन रकान्यांत लिहा. त्वरण म्हणजे अ‍ॅक्सिलरेशन, संवेग म्हणजे मोमेंटम, अपवर्तन म्हणजे रिफ्रॅक्शन, क्षपण म्हणजे रिडक्शन. रोज दहा शब्द, आंबे उतरवून झाले की संध्याकाळी. एमएचटी-सीईटीत (अभियांत्रिकी, फार्मसी, कृषी यांची राज्याची प्रवेश परीक्षा) भौतिक, रसायन आणि जीवशास्त्राचे प्रश्न मराठीतही मिळतात, गणिताचे मात्र फक्त इंग्रजीत.

६. बोर्ड वेगळं, सीईटी वेगळी

बोर्डात उत्तर मांडायचं असतं, सीईटीत शोधायचं असतं. पीसीएम (भौतिक, रसायन, गणित) गटात गणिताचे ५० प्रश्न ९० मिनिटांत, प्रत्येकी २ गुण. म्हणजे एका प्रश्नाला १०८ सेकंद. भौतिक आणि रसायनाचे मिळून १०० प्रश्न तेवढ्याच वेळात, म्हणजे ५४ सेकंद. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, म्हणून एकही प्रश्न कोरा ठेवू नये. नीटमध्ये मात्र बरोबरला ४ गुण आणि चुकल्यास १ वजा. दोन्ही देणाऱ्या मुलांची सवय इथेच घोटाळते: नीटच्या धास्तीनं सीईटीतही प्रश्न सोडून येतात.

एमएचटी-सीईटीत अकरावीचा भाग सुमारे २० टक्के असतो, जेईई (आयआयटीसारख्या संस्थांची प्रवेश परीक्षा) आणि नीटमध्ये त्याहून बराच जास्त. दहावीनंतर ‘जरा सुटका’ म्हणून घालवलेली अकरावी बारावीच्या फेब्रुवारीत गळ्याशी येते. अकरावीतच दर रविवारी मागच्या आठवड्यातले ३० प्रश्न घड्याळ लावून सोडवा. चुकलेला प्रश्न वेगळ्या वहीत उतरवा आणि पुढे कारण लिहा: सूत्र विसरलो, प्रश्न नीट वाचला नाही की वेळ संपला. तिन्हींवरचे इलाज वेगळे आहेत.

७. शिमगा आणि आंबा वहीत लिहून ठेवा

पुण्या-मुंबईच्या क्लासचं वेळापत्रक इथे जसंच्या तसं चालत नाही. भाद्रपदात गणपतीचा आठवडा जातो, घर पाहुण्यांनी भरतं. बोर्डाची परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये, म्हणजे शिमग्याची पालखी नेमकी त्याच सुमारास दारी येते. सीईटी एप्रिल-मेच्या आसपास, तेव्हा बागेत हापूसची काढणी आणि पेट्या भरायला माणूस मिळत नाही. अभ्यासक्रम डिसेंबरअखेर संपवायचा म्हणजे जानेवारी उजळणीला मिळतो. बागेच्या कामाला माणूस लागणार हे घरातल्यांनी मार्चमध्येच धरून ठेवावं. परीक्षेच्या आदल्या दिवशी मुलाला पेट्यांवर बसवू नये. मच्छीमार घरांत जून-जुलैच्या बंदीत हातात पैसा नसतो आणि फी नेमकी तेव्हाच येते, तेवढी रक्कम मे महिन्यातच बाजूला काढा.

८. कागद अकरावीतच

राखीव जागेवर प्रवेश हवा असेल तर जात पडताळणीचा अर्ज बारावीच्या निकालापर्यंत थांबवू नका. इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा मागतात. तो बहुतेक वेळा आजोबा-पणजोबांच्या शाळेच्या दाखल्यात किंवा गावच्या जन्म-मृत्यू नोंदीत सापडतो, आणि मूळ दाखला कधीकधी मुंबईच्या काकांच्या कपाटात असतो. गणपतीला येताना घेऊन यायला त्यांना आजच फोन करून सांगा.